अर्ध्या किमतीची हत्यारं ऑनलाइन घ्यावीत का? एकेका वस्तूचा हिशोब

शहाद्याजवळच्या गावात गेट, ग्रिल आणि पत्र्याच्या शेडचं वेल्डिंगचं दुकान टाकू पाहणाऱ्या एका भाऊंनी विचारलंय: चार इंची ग्राइंडर ऑनलाइन १,१५० ला दिसतोय, धुळ्यात त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचे २,७०० सांगतात. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन ३,९०० ला, '४८ व्होल्ट'चं बॅटरी ड्रिल दोन बॅटऱ्यांसह १,८९९ ला आणि ४६ नगांचा सॉकेट सेट ४९९ ला. सगळ्यावर साठ-सत्तर टक्के सूट. ही फसवणूक आहे, की दुकानदारच जास्त घेतात?

दोन्हीत थोडंथोडं तथ्य आहे, त्यामुळे चारही वस्तूंना मिळून एक उत्तर देता येत नाही. दुकानदाराच्या भावात गाळ्याचं भाडं, गिऱ्हाइकांची उधारी आणि मशीन बंद पडल्यावर पुढे पाठवायची सोय हे सगळं धरलेलं असतं. त्यामुळे तोच खरा माल ऑनलाइन दहा-वीस टक्के कमी भावात मिळाला तर नवल नाही. पण चालू मॉडेलच्या, नव्या, खऱ्या मालावर निम्म्याहून जास्त सोडायला कंपनीपासून विक्रेत्यापर्यंत कुणाच्याच हातात तेवढा पैसा नसतो. एवढी सूट दिसली की समजायचं, एकतर एमआरपी फुगवून मग ती कापलीय, किंवा जुना साठा अथवा उघडलेला खोका काढून टाकताहेत, किंवा नाव मिळतंजुळतं ठेवून माल दुसराच आहे, नाहीतर सरळ डुप्लिकेट आहे. पहिल्या दोन प्रकारांत घ्यायला हरकत नाही, फक्त काय घेतोय ते माहीत हवं. गोची आहे ती पुढच्या दोन प्रकारांत.

टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हे बिघडलं तर काय होईल? पाना तुटला तर पाचशे रुपये गेले. वेल्डिंग मशीन बंद पडलं तर गिऱ्हाइकाचं गेट अडकलं आणि दुकान दोन दिवस बसलं. ग्राइंडरची चकती फुटली तर डोळा गेला. म्हणून माझा सल्ला वस्तूगणिक बदलतो.

आधी ग्राइंडर. फॅब्रिकेशनवाले ज्याला एजी फोर म्हणतात, त्याची १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे चकतीची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते. खोट्या नावाच्या मशीनमध्ये पैसा वाचवतात तो नेमका न दिसणाऱ्या जागी: तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचं वाइंडिंग, हलक्या बेअरिंग, कच्चे गिअर आणि पातळ पत्र्याचं गार्ड. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे त्याच कामाला आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जास्त तापतं आणि सलग कटिंगला वार्निश जळून शॉर्ट होतं. बेअरिंग ढिली झाली की चकती लटपटते, आणि लटपटणारी पातळ चकती कापताना अडकली की फुटते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. मॉडेलचं वजन कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. आलेलं मशीन काट्यावर ठेवा. दोनशे-तीनशे ग्रॅमने कमी भरलं तर आत तांबं आणि लोखंड कमी आहे, बाहेरच्या स्टिकरवर ८५० वॅट लिहिलेलं असो की १,०००.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. तुमच्याकडे खरंच पैसे कमी असतील तर मोठ्या कंपनीच्या नावाच्या १,१५० च्या ग्राइंडरपेक्षा स्वतःच्याच साध्या नावाने विकला जाणारा, दुकानात हातात घेऊन पाहता येणारा चौदाशे-पंधराशेचा ग्राइंडर बरा. असे बरेच ग्राइंडर चालत्या मॉडेलच्या पॅटर्नवर बनतात, त्यामुळे आर्मेचर, फील्ड (बाहेरचं स्थिर वाइंडिंग), कार्बन ब्रश तालुक्याच्या गावात मिळतात. घेण्याआधी शहाद्यातल्या रिवाइंडिंगवाल्याला मॉडेल दाखवा आणि विचारा, याचं आर्मेचर मिळतं का. तो नाही म्हणाला तर ते मशीन कितीही स्वस्त असो, जळलं की भंगार.

चकत्यांच्या बाबतीत तर घासाघीस करूच नका. १०० मिलिमीटरच्या चकतीवर कमाल वेग ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १५,३०० फेरे, छापलेला असतो. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं, सहसा बनल्यापासून ३ वर्षं. चकतीचे कण बांधून ठेवणाऱ्या रेझिनला ओल लागली की ताकद जाते, म्हणून मुदत उलटलेल्या चकत्यांचा ५० नगांचा गठ्ठा स्वस्तात निघतो. चकती उजेडासमोर तिरपी धरा, काचतंतूंची जाळी दिसली पाहिजे. जाळीच नसलेली चकती फुटली तर मोठमोठे तुकडे होऊन उडते. टकटक वाजवून तडा ओळखायची युक्ती बेंच ग्राइंडरच्या दगडाला लागू पडते, या पातळ चकत्यांना नाही. आणि सात इंची चकती गार्ड काढून एजी फोरला लावणारे असतात, त्यांनी गुणाकार करून पाहावा: ११,००० फेऱ्यांना तिची कड १०० मीटर प्रति सेकंदाच्या वर जाते, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

आता वेल्डिंग मशीन. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते, कारण '२००' हा आकडा छापायला फक्त शाई लागते. तो खरा आहे का, हे मशीन न उघडता कळतं. हाताच्या वेल्डिंगमध्ये २०० अँपिअरला आर्कवर साधारण २८ व्होल्ट धरतात. २०० गुणिले २८ म्हणजे ५,६०० वॅट, हे झालं बाहेर पडणारं काम. मशीनमधला तोटा धरला तर मीटरकडून सात हजार वॅटच्या आसपास ओढलं जाणार, २३० व्होल्टवर किमान ३० अँपिअर. साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणारा वाटा) कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ४० च्या पुढेही जातं. आता जाहिरातीतला फोटो मोठा करून बघा. मशीनला बोटाएवढी बारीक वायर आणि १६ अँपिअरचा तीन पिनचा प्लग असेल, तर ते २०० अँपिअर देऊच शकत नाही. खरं देणं शंभर-सव्वाशेच्या आसपास असेल.

यात एक दिलासा आहे. तुमच्या कामाला २०० लागतही नाहीत. दीड-दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला अडीच मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो. सव्वातीनचा रॉड साधारण १०० ते १४०. चारचा रॉड जाड अँगल आणि ट्रॉलीच्या चेसीसाठी, तो रोजचा नाही. म्हणजे खरे १४० अँपिअर सलग देणारं मशीन खोट्या २०० पेक्षा तुम्हाला जास्त उपयोगाचं. 'सलग' याचा अर्थ मात्र नीट बघा. ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं आर्क चालू, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला धरून देतात, आणि तेही प्रामाणिक कंपन्या. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४३-४४ ला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. तिथे ६० टक्क्यांचं मशीन ४५-५० टक्क्यांनी चालवावं लागतं. स्वस्त मशीनच्या कागदावर ड्यूटी सायकलच नसते. नसली तर ती गोष्ट नकारार्थीच धरा.

दुसरी अडचण व्होल्टेजची. संध्याकाळी पंप सुरू झाले की गावातलं सिंगल फेज १८०-१९० वर येतं. चांगल्या मशीनवर इनपुटची मर्यादा लिहिलेली असते, उदाहरणार्थ १६० ते २७० व्होल्ट. नुसतं '२३० व्होल्ट' लिहिलेलं मशीन कमी दाबाला आर्क धरत नाही, रॉड चिकटत राहतो, आणि पुन्हापुन्हा चालू-बंद करण्यात बोर्ड जातो.

सोबत येणाऱ्या केबलचा तुकडाही तपासा. होल्डरजवळची तार चाकूने खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. दीड-दोन मीटरचीच देतात, म्हणून सुरुवातीला लक्षात येत नाही. सव्वाशे अँपिअरला तिचं जोडणीचं टोक (लग) तापून काळं पडतं आणि मग सॉकेट वितळतं. तांब्याची चांगली केबल आणि होल्डर वेगळे घ्यायचे म्हटले तर त्या ३,९०० मध्ये आणखी दीड-दोन हजार मिळवा. सूट तिथेच अर्धी झाली.

म्हणून वेल्डिंग मशीन धुळ्यात किंवा नंदुरबारला दुकानातूनच घ्या, जास्त पैसे पडले तरी. दुकानात रॉड लावून दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा, क्लॅम्प मीटर लावून बघा. बोर्ड दुरुस्त करणारा माणूस कुठे बसतो तेही त्याच वेळी विचारा. पाच-सात किलोचं मशीन कुरियरने परत पाठवायचं, तेही खेड्याच्या पिनकोडवरून, हा वेगळाच ताप आहे. बऱ्याच खेड्यांच्या पिनकोडवर माल पोचतो, पण परत न्यायला माणूस येत नाही. ऑर्डर करण्याआधी रिटर्न पिकअप आहे का हे तुमचा पिनकोड टाकून तपासा, ही गोष्ट कुठल्याही जड वस्तूला लागू. आणि मशीन कुठलंही घेतलं तरी ते घरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका. वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या, मीटरचा मंजूर भार महावितरणकडे आधी वाढवून घ्या. लाइनची वायर आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) ची, आयएसआय खूण आणि त्याखालचा परवाना क्रमांक असलेली घ्या. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो.

बॅटरी ड्रिलच्या '४८ व्होल्ट'ला व्होल्टेज समजू नका. बहुतेक जाहिरातींत ते '४८ व्हीएफ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मॉडेलचं नाव. आत लिथियमचे पाच सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट, एकूण २१. काम करताना १८. खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर १३ सेल एकापुढे एक जोडावे लागतात, आणि एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ६०० ग्रॅम होतं. आलेली बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. कवचासकट तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत पाचच सेल आहेत. मग त्यावर ६ अँपिअर-तास लिहिलेलं असो की १५, या आकाराचा चांगल्यातला चांगला सेलही तीन-साडेतीनच्या पुढे जात नाही. स्वस्त बॅटरीत दीडचे घालतात.

मोठ्या सवलतीत मिळणारी खरी कंपनीची बॅटरीही कधीकधी जुनी असते. खोक्यावरचा बनावटीचा महिना बघा. दीड-दोन वर्षं गोदामात पडून सेल अडीच व्होल्टच्या खाली उतरला की त्याचं आयुष्य संपल्यात जमा. मल्टिमीटर लावा. पाच सेलच्या बॅटरीवर आल्या आल्या साडेबारा व्होल्टच्या खाली आकडा आला तर चार्जही करू नका, परत करा. चार्जिंग ४५ अंशांच्या वर करू नये असं जवळपास सगळ्याच बॅटरीवाल्यांचं सांगणं असतं. उन्हाळ्यात शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावायची नाही, पहाटे लावायची. स्वस्त चार्जरमध्ये भरल्यावर बंद व्हायची सोय असेलच असं नाही, त्यामुळे रात्रभर लावून झोपायचंही नाही.

खरं तर हे ड्रिल तुम्हाला आत्ताच हवंय का? प्लेटला भोकं पाडायला वायरचं १३ मिलिमीटर चकवालं ड्रिल जास्त कामाचं. बॅटरीचं ड्रिल लागतं ते शेडवर चढून पत्र्याला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारताना. तसं पहिलं काम येईल तेव्हा चांगल्या कंपनीचं १८ व्होल्टचं एका बॅटरीचं घ्या, दुसरी बॅटरी पुढे घेता येते.

सॉकेट सेटमध्ये फसण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. ४६ नगांचे हे सेट पाव इंची ड्राइव्हचे असतात, सॉकेट ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंत. एम-८ चा बोल्ट १३ ला बसतो, तिथवर ठीक. गेटच्या आणि ट्रॉलीच्या कामात १७ आणि १९ लागतात, ते त्यात नाहीतच. अर्धा इंची ड्राइव्हचे मोजके सॉकेट सुटे घ्या. पाने-पकडींमध्ये आपल्या बाजूला नाशिकच्या टपारियाचा माल जास्त चालतो आणि त्यामुळेच नक्कलही त्याचीच होते. नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचा. पाना नव्या बोल्टवर बसवून हलवा, खडखड लागला तर तो बोल्टची टोकं गोल करणार.

स्वस्तात ऑनलाइन खुशाल घ्यायच्या गोष्टी म्हणजे मॅग्नेटचे गुण्ये (काटकोन धरून ठेवणारे), सी-क्लॅम्प, हॅकसॉची फ्रेम, वायर ब्रश, हातमोजे. मेजर टेप घेतला तर स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. पण जॅक, चेन पुली, शिडी आणि वेल्डिंगची काच यांवर सूट शोधू नका. काच तुमच्या रॉडला १० किंवा ११ नंबरची लागते, आणि नुसती काळी रंगवलेली काच अंधार करते पण अतिनील किरण थांबवते असं नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते त्यामुळे.

विक्रेता तपासायला दहा मिनिटं पुरतात. पानावर कंपनीचं नाव मोठं असतं, 'विक्रेता' म्हणून खाली बारीक अक्षरात वेगळंच नाव असतं. एकाच पानावर चार विक्रेते असतात आणि सगळ्यात स्वस्त जो, त्याचा माल येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत ऑनलाइन विक्रेत्यांची यादी असली तर नाव जुळवा, नसली तर कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर विचारा की या विक्रेत्याच्या बिलावर वॉरंटी मिळेल का. बऱ्याच कंपन्या अनधिकृत विक्रेत्याच्या मालाला वॉरंटी देत नाहीत, माल खरा असला तरी. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कधीची आणि चालू आहे की रद्द, हे दिसतं. अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोडा, एक-दोन ताऱ्यांचे आणि ताजे वाचा, आणि ते याच मॉडेलचे आहेत का तेही बघा, कारण ड्रिलच्या बिटांचे अभिप्राय ड्रिलच्या पानावर आलेले असतात. पानावर मूळ देश आणि, माल आयात केलेला असेल तर, आयातदाराचं नाव-पत्ता नसेल तर तिथूनच माघारी फिरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर येणाऱ्या 'गोदाम बंद होत आहे' छापाच्या जाहिरातींतून काहीच घेऊ नका. तिथे परत करायला ना पान राहतं, ना माणूस. आगाऊ पैसे पाठवून फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

माल आला की खोका उघडून दाखवणारी डिलिव्हरी निवडलेली असेल तर वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. नसेल तर सील न फोडता मोबाइल लावून सलग व्हिडिओ काढा: पत्त्याचं लेबल, सहाही बाजू, मग उघडणं, मशीनवरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकत्र. ग्राइंडर असेल तर प्लग न लावता स्पिंडल धरून हलवा, आडवा खेळ जाणवता कामा नये. मग गार्ड घट्ट करून, चष्मा घालून, मिनिटभर मोकळा चालवा. कार्बनपाशी बारीक निळ्या ठिणग्या चालतात, कम्युटेटरभोवती (कार्बन जिथे घासतो तो तांब्याचा गोल भाग) पूर्ण अंगठीसारखी आग फिरत असेल तर परत. रिवाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असतो, बॉडी आणि वाइंडिंगमधला आकडा २ मेगाओहमच्या खाली आला तर ते मशीन हातात धरण्याच्या लायकीचं नाही. हे सगळं त्याच दिवशी करा. अनेक ठिकाणी मुदत सात दिवसांची असते आणि तीही फक्त बदलून देण्याची, पैसे परत देण्याची नव्हे.

विक्रेता टाळाटाळ करू लागला तर आधी त्या ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवा. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण देणं त्याच्यावर नियमाने बंधनकारक आहे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नंदुरबारलाच दावा टाकता येतो, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

एक बारकावा बिलाचा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला समोरचा 'तुम्ही ग्राहकच नाही' म्हणू शकतो. पण स्वतः राबून पोट भरायला घेतलेलं हत्यार कायद्याने त्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे एकट्याने चालवायच्या दुकानाचं बिल तुमच्या स्वतःच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. पुढे जीएसटीची नियमित नोंदणी केलीत तर बिलावर तुमचा क्रमांक घालून घ्यायचा. मग २,७०० च्या ग्राइंडरमधले सुमारे ४१० रुपये करात वळते होतील आणि ऑनलाइनवाला तसं बिल देत नसेल तर १,१५० शी तुलना २,२९० ची करायची, २,७०० ची नाही.